चार गळे आणि आठशे वर्षांपूर्वीचा नाताळ

१९८६ च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये चार गायिका एकत्र बसल्या. रूथ कनिंगहॅम, मार्शा जेनेन्स्की, सुसान हेलावर आणि जोहाना मारिया रोझ. मध्ययुगीन युरोपातलं चर्चचं संगीत तोवर बहुतेक पुरुषांच्या आवाजातच ऐकायला मिळे. तेच बायकांच्या गळ्यातून कसं ऐकू येईल, हे त्यांना बघायचं होतं. त्या बैठकीतून ‘अ‍ॅनॉनिमस फोर’ हा गायनसमूह उभा राहिला आणि जवळजवळ तीस वर्षं गात राहिला. पुढे एखाद-दुसरी गायिका बदलली, पण संख्या चारच राहिली. समोर हातवारे करणारा संचालक नाही, बहुतेक वेळा एकही वाद्य नाही. १९९३ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या मध्ययुगीन नाताळगीतांची ‘ऑन यूलिस नाइट’ ही तबकडी काढली. १९९६ मध्ये ‘अ स्टार इन द ईस्ट’मधून हंगेरीतलं जुनं नाताळसंगीत आणलं. आज यूरोप-अमेरिकेत डिसेंबरमध्ये छोटे गायनसमूह अशा मैफली करतात, त्यांना श्रोते मिळवून देण्यात या चौघींचा मोठा वाटा आहे.

अशी मैफल पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन गोष्टी वाटतात. एक, मोठं गायकवृंद परवडत नसेल म्हणून चौघंच उभे आहेत. दोन, जुन्या वहीत लिहिलंय तसं गातायत, त्यात काय एवढं. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हे संगीत मुळातच मोजक्या आणि एकमेकांशी बरोबरीच्या आवाजांसाठी रचलेलं आहे. आणि वहीत जे लिहिलंय ते इतकं अपुरं आहे, की ऐकू येणाऱ्या गाण्याचा बराचसा भाग गायकांनी स्वतः विचार करून ठरवलेला असतो. हे दोन्ही कसं, ते नीट पाहू.

आधी ‘नाताळचं संगीत’ म्हणजे काय ते स्पष्ट करायला हवं. आज मॉलमध्ये आणि रेडिओवर वाजणारी नाताळगीतं वाटतात तेवढी जुनी नाहीत. ‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा गायलं गेलं १८१८ मध्ये, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी. मध्ययुगातला नाताळ म्हणजे एक दिवस नव्हता, तो एक ऋतू होता. आधी चार रविवारांचा आगमनकाळ, तोही संयमाचा. त्या आठवड्यांत मिस्सामधलं (कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेतलं) ‘ग्लोरिया’ हे आनंदाचं स्तुतिगीत गात नसत. मग २५ डिसेंबरला एक नाही, तीन मिस्सा: मध्यरात्रीचा, पहाटेचा आणि दिवसाचा. प्रत्येकाची पदं वेगळी, चाली वेगळ्या. २६ ला संत स्तेफन, २७ ला संत योहान, २८ ला हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बाळांचा स्मृतिदिन, १ जानेवारीला येशूच्या सुंतेचा सण, ६ जानेवारीला तीन राजांचा. प्रत्येक दिवसाचं गाणं ठरलेलं. म्हणून आज एखादा समूह ‘मध्ययुगीन नाताळ’ असा कार्यक्रम करतो तेव्हा त्याच्यासमोर पाच-दहा लोकप्रिय गाणी नसतात. काही शतकांचा, अनेक देशांचा, सबंध ऋतूचा साठा असतो. त्यातून तास-दीड तासाचा धागा ओवायचा, हे पहिलं काम, आणि या समूहांत ते गायकच करतात. अर्धा वेळ ग्रंथालयात आणि अर्धा रियाजात, असं हे आयुष्य आहे.

या साठ्याचा सर्वांत जुना थर एकस्वरी आहे. सगळ्यांनी मिळून एकच चाल गायची, साथ नाही, ठेका नाही, शब्द लॅटिन. याला ग्रेगोरियन गायन म्हणतात. नाताळच्या दिवसाच्या मिस्साचं प्रवेशपद ‘पुएर नातुस एस्त नोबिस’, म्हणजे ‘आम्हांसाठी एक बाळ जन्मलं आहे’, हे त्यातलं सुप्रसिद्ध पद. सुरुवातीलाच आवाज खालच्या स्वरावरून थेट पंचमावर झेप घेतो. सा वरून प वर. ऐकणाऱ्याला लॅटिनचं अक्षर कळत नसलं तरी काहीतरी घडल्याची वर्दी मिळते.

हे पद महाराष्ट्राला आणि गोव्यालाही परकं नव्हतं. १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना स्थानिक भाषांत आली. त्याआधी कॅथलिक मिस्सा लॅटिनमध्ये होई, आणि गोवा असो की वसई, नाताळच्या दिवसाच्या मिस्साला हेच प्रवेशपद नेमलेलं होतं.

ही पदं लिहून ठेवायला सुरुवात झाली नवव्या-दहाव्या शतकांत. पण लिहिलं कसं? शब्दांच्या डोक्यावर बारीक खुणा: इथे आवाज वर जातो, इथे खाली येतो, इथे वळतो. त्यांना न्यूम म्हणतात. किती वर आणि किती खाली, ते त्यात नाही. चाल ज्याला आधीच पाठ आहे त्याला आठवण करून देण्यापुरत्या त्या खुणा. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनच्या मठातल्या दहाव्या शतकाच्या पोथ्यांत अशा खुणा अतिशय नाजूकपणे काढलेल्या आहेत. कुठे रेंगाळायचं, कुठे चपळ व्हायचं हेही त्यांत आहे, फक्त स्वर नेमका कोणता ते नाही. इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या सुमारे १००० सालच्या पोथीत दीडशेहून अधिक पदांना दुसरा आवाज जोडलेला आहे, आणि तोही असाच, रेघांशिवाय. म्हणजे द्विस्वरी गाण्याचा एवढा जुना खजिना आपल्या हातात आहे, पण त्याची चाल अंदाज बांधून, त्याच पदाच्या नंतरच्या पोथ्यांशी ताडून पुन्हा रचावी लागते.

अकराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इटलीतल्या अरेझोच्या गुइदो या भिक्षूने रेघांवर आणि रेघांमध्ये स्वर लिहिण्याची पद्धत बसवली. पूर्वी गायक दहा वर्षं घोकून जे शिकत ते आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत शिकता येईल, असं त्याने एका पत्रात लिहिलंय. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या स्वरलेखनाचा पाया त्यातच आहे. स्वर कोणता हा प्रश्न सुटला. किती वेळ धरायचा, हा मात्र आणखी दीड-दोनशे वर्षं तसाच राहिला.

आता या संगीतातल्या सर्वांत मोठ्या शिखराकडे येतो. इथे जरा थांबावंच लागेल.

पॅरिसमध्ये ११६३ च्या सुमारास नोत्र दाम कॅथेड्रलचं बांधकाम सुरू झालं. त्या शतकाच्या अखेरीस तिथल्या गायकांनी एकस्वरी पदावर दुसरा, तिसरा आणि शेवटी चौथा आवाज चढवला. हे कुणी केलं ते आपल्याला कळतं ते सुमारे १२७०-८० च्या दरम्यान लिहिलेल्या एका ग्रंथातून. लिहिणारा बहुधा पॅरिसमध्ये शिकलेला इंग्रज विद्यार्थी. त्याने स्वतःचं नाव लिहिलं नाही, पण लेओनां आणि पेरोतां या दोन रचनाकारांची नावं आणि कामं नोंदवली. पेरोतांच्या चौस्वरी रचनांत त्याने ‘विदेरुंत’ आणि ‘सेदेरुंत’ यांची नावं घेतली. एकोणिसाव्या शतकात जुने ग्रंथ छापणाऱ्या अभ्यासकाने निनावी लेखकांना क्रमांक दिले, त्यात हा ‘निनावी चौथा’, इंग्लिशमध्ये ‘अ‍ॅनॉनिमस फोर’, ठरला. न्यूयॉर्कच्या चौघींनी आपल्या समूहाला नाव दिलं ते याच्यावरून.

११९८ मध्ये पॅरिसचा बिशप ओदो द स्युली याने १ जानेवारीच्या सणासाठी एक फर्मान काढलं. त्या दिवशी कॅथेड्रलमधले कनिष्ठ सेवक मुखवटे घालून, अचकट-विचकट गाणी गात धुडगूस घालत. बिशपने तो बंद केला आणि सणाची शोभा वाढवण्यासाठी ठरावीक पदं तीन किंवा चार आवाजांत गायला मुभा दिली. पुढच्या वर्षी संत स्तेफनच्या दिवसासाठीही तसंच फर्मान निघालं. ‘विदेरुंत ओम्नेस’ हे पद नाताळच्या दिवसाचं आणि १ जानेवारीचंही. ‘सेदेरुंत प्रिन्सिपेस’ स्तेफनच्या दिवसाचं. म्हणून अभ्यासक पेरोतांच्या या दोन रचनांचा संबंध त्या फर्मानांशी जोडतात. धुडगुसाच्या जागी बिशपने जे बसवलं ते त्या काळातलं सर्वांत धाडसी संगीत होतं, हे मला फार विलक्षण वाटतं. नुसती बंदी घातली असती तर कदाचित धुडगूस पुन्हा सुरू झाला असता. त्याने लोकांना ऐकायला काहीतरी दिलं.

‘विदेरुंत ओम्नेस’चे शब्द स्तोत्रसंहितेतले आहेत: पृथ्वीच्या साऱ्या टोकांनी आमच्या देवाने केलेलं तारण पाहिलं आहे. रचना अशी आहे. चार आवाजांपैकी सर्वांत खालचा आवाज मूळ ग्रेगोरियन चाल गातो, पण इतकी ताणून, की एकेक स्वर मिनिटभर टिकतो. पहिलं अक्षर ‘वि’. खालचा आवाज ते धरून बसतो आणि वरचे तीन आवाज त्याच अक्षरावर एकमेकांभोवती फेर धरतात. किती तरी वेळाने खालचा आवाज पुढच्या स्वरावर सरकतो आणि सगळं दालन जागचं हललं असं वाटतं. गावं तर सबंध पद दहा-बारा मिनिटं चालतं. सबंध पद चौस्वरीही नाही. ज्या ओळी मुळात एकट्या निवडक गायकांच्या होत्या तेवढ्याच चार आवाजांत, बाकीच्या ओळी सगळा वृंद पूर्वीसारखाच एकस्वरी गातो. म्हणजे पेरोतांनेही हे चार-पाच निष्णात गायकांसाठीच लिहिलं. मोठ्या वृंदाला त्यात चौस्वरी भाग नव्हताच.

मराठी श्रोत्याला याचा कान चटकन लागू शकतो, कारण तानपुऱ्याचा आधार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. खालचा धरलेला स्वर म्हणजे तानपुऱ्याचा षड्ज असं समजून ऐकायला सुरुवात केली तर वरच्या हालचाली लगेच उलगडतात. फरक मात्र लक्षात ठेवायचा. तानपुरा मैफलभर हलत नाही, पॅरिसचा आधारस्वर हलतो. आणि तो हलला की वरच्यांचं सगळं नातं नव्याने जुळवावं लागतं.

वरचे तीन आवाज काय करतात ते तर बघण्यासारखंच आहे. आज आपण ज्याला गायकवृंद म्हणतो त्यात मजले असतात: बायकांचे उंच आवाज, त्याखाली मध्यम, मग पुरुषांचे उंच, तळाला खर्ज. प्रत्येकाची पट्टी ठरलेली. पेरोतांच्या इथे मजले नाहीत. तिन्ही आवाज एकाच पट्टीत फिरतात. एकाने गायलेला तुकडा पुढच्या क्षणी दुसरा गातो आणि दुसऱ्याचा पहिला उचलतो. कोण वर आणि कोण खाली हे सारखं बदलतं. आवाजांचे रंग फार वेगळे असतील तर ही अदलाबदल कानाला जाणवतच नाही, नुसता गोंधळ होतो. सारख्या जातीचे चार गळे असतील तर एकच सूर दालनात इकडून तिकडे फिरतोय असा भास होतो. म्हणून चार बायका किंवा चार पुरुष हा संच या संगीताला नेमका बसतो. इंग्लंडचा हिलियर्ड एन्सेम्बल हा पुरुषांचा समूह १९७४ ते २०१४ अशी चाळीस वर्षं गायला. त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पेरोतांच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या आणि कित्येकांना हे संगीत त्यातूनच कळलं.

मग पुरुषांसाठी लिहिलेलं बायकांनी गाणं चालतं का? पूर्णपणे चालतं, आणि कारण स्वरलेखनातच आहे. मध्ययुगात लिहिलेल्या स्वराची पट्टी ठरलेली नव्हती. आज हार्मोनियमची काळी एक म्हणजे ठराविक उंची. त्या काळी ‘फा’ लिहिलंय म्हणजे फक्त शेजारच्या स्वरांशी त्याचं नातं सांगितलंय. गाणाऱ्याने आपल्या गळ्याला झेपेल तिथून सुरू करायचं. सगळे आवाज मिळून बहुतेक वेळा दोन सप्तकांच्या आतच राहतात, त्यामुळे सारी रचना उचलून वर ठेवली की ती बायकांच्या गळ्यात बसते. इतिहासाचा आधारही आहे. स्पेनमध्ये बुर्गोसजवळ लास उएल्गास हा संन्यासिनींचा मठ आहे. तिथे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची एक पोथी आजही जपलेली आहे, तिच्यात बहुस्वरी रचना तर आहेतच, शिवाय संन्यासिनींसाठी लिहिलेला स्वरांच्या सरावाचा पाठही आहे. भिंतीआड राहणाऱ्या बायका हे अवघड संगीत गात होत्या, शिकत होत्या. अ‍ॅनॉनिमस फोरने या पोथीतल्या रचनाही ध्वनिमुद्रित केल्या.

लयीचा प्रश्न पॅरिसने सोडवला तो असा. स्वरांच्या खुणा जोडून लिहायच्या. दोनची जोडी, तीनची जोडी, कोणत्या क्रमाने आल्या यावरून लांब-आखूड कळायचं. असे सहा साचे होते. बहुतेक सगळ्यांच्या मुळाशी तीनचा गट. तीन म्हणजे परिपूर्ण, कारण पवित्र त्रैक्य तीनचं. म्हणून ‘विदेरुंत’ ऐकताना झुलत्या चालीचा भास होतो, त्यात कंटाळवाणं गांभीर्य अजिबात नाही. १२८० च्या सुमारास कोलोनच्या फ्रांकोने स्वराच्या आकारावरूनच त्याची लांबी कळेल असे नियम लिहिले आणि पुढचं काम सोपं झालं. पण फ्रांकोच्या आधीच्या रचनांत, आणि एकस्वरी पदांत तर कायमच, लय ही गायकांची जबाबदारी राहते. फ्रान्समधल्या सोलेमच्या भिक्षूंनी एकोणिसाव्या शतकात जुन्या पोथ्या तपासून ग्रेगोरियन गायन पुन्हा उभं केलं. त्यांनी जवळपास सगळे स्वर सारख्या लांबीचे धरले. १९८२ मध्ये मार्सेल पेरेस यांनी काढलेल्या एन्सेम्बल ऑर्गनूम या गायनसमूहाने उलट वाट धरली: भरदार गळा, कंप, हरकती, खाली धरलेला आधारस्वर. त्याच पोथीतून दोन इतकी वेगळी गाणी निघतात. मला पेरेस यांची वाट जास्त जिवंत वाटते, तरी पोथी दोन्हींना नाही म्हणत नाही.

सूर लावण्याचा मुद्दा तर आपल्या श्रोत्यांना विशेष रुचेल. पॅरिसच्या गायकांसाठी खरे संवादी फक्त सप्तक, पंचम आणि मध्यम. ओळ संपायची ती यांवरच. गंधार वाटेत येतो, पण तो विसाव्याची जागा नाही. त्याचं कारण गणितात आहे. त्यांचे सगळे स्वर शुद्ध पंचमाच्या म्हणजे ३:२ च्या गुणोत्तरातून काढलेले. तसे चार पंचम चढून गंधार काढला तर तो ८१:६४ येतो. उत्तम लागलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ५:४ चा. पॅरिसचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा, अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका. तो तिथे ताण निर्माण करतो आणि पुढचा पंचम लागला की तो ताण सुटतो. चौघी गायिका जेव्हा एखादी ओळ पंचमावर आणून सोडतात आणि दालनात आपोआप आणखी एक वरचा स्वर घुमू लागतो, तेव्हा त्यात कसलीही युक्ती नसते. पंचम खरोखर शुद्ध लागला की त्याचे उपस्वर एकमेकांत मिसळतात. आवाजात थरथर असेल तर ते होत नाही. म्हणून हे समूह कंप जवळजवळ काढून टाकतात, आणि ‘आ’ म्हणजे नेमका कोणता ‘आ’ यावर तासन्‌तास घालवतात.

इंग्लंडचे लोक मात्र गंधारावर लुब्ध होते. तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या इंग्लिश पोथ्यांत आवाज एकमेकांपासून गंधाराच्या किंवा धैवताच्या अंतराने सलग चालतात. पंधराव्या शतकात यूरोपभरच्या संगीतकारांना हा इंग्लिश गोडवा आवडला आणि सगळ्या पश्चिमी संगीताची दिशा वळली. मध्ययुगीन नाताळच्या मैफलीत फ्रेंच रचनेनंतर इंग्लिश कॅरल आलं की कान चटकन सुखावतो, त्याचं कारण हेच.

आणि कॅरल हा खरा इंग्लिश ठेवा. मूळ नाच होता: रिंगण करून, हात धरून. एकाने कडवं गायचं, सगळ्यांनी ध्रुवपद. पंधराव्या शतकापर्यंत नाच मागे पडला पण ध्रुवपद-कडवं ही बांधणी टिकली. आज कोणत्याही नाताळगीताला कॅरल म्हणतात. तेव्हा ध्रुवपद नसेल तर ते कॅरल नव्हे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात चर्मपत्राची सुमारे दोन मीटर लांबीची एक गुंडाळी आहे, तिच्यात तेरा कॅरल लिहिलेली आहेत. त्यांपैकी ‘देअर इज नो रोझ’ मध्ये मरियेला गुलाब म्हटलंय आणि त्या गुलाबात, एवढ्याशा जागेत, स्वर्ग आणि पृथ्वी सामावली असं म्हटलंय. कडवी इंग्लिश, प्रत्येकाच्या शेवटी एक-दोन लॅटिन शब्द. चर्चमधली भाषा आणि घरातली भाषा एका ओळीत. ही मिसळण तेव्हाच्या नाताळगीतांत सर्वत्र दिसते. जर्मनीतलं ‘इन दुल्ची युबिलो’ही तसंच, अर्धं लॅटिन, अर्धं जर्मन.

धार्मिक गाणं आणि लौकिक गाणं यांच्यातली भिंत किती पातळ होती याचा एक पुरावा मला अतिशय आवडतो. चौदाव्या शतकात आयर्लंडमधल्या किल्केनीचा बिशप रिचर्ड लेड्रेड याने साठ लॅटिन गीतं रचली. हेतू लिहूनच ठेवला: देवाला वाहिलेले गळे हलक्या लौकिक गाण्यांनी विटाळू नयेत, म्हणून माझ्या पाद्र्यांनी सणासुदीला आणि विरंगुळ्याच्या वेळी ही गावीत. चाली मात्र त्याच लोकप्रिय गाण्यांच्या! काही गीतांच्या डोक्यावर मूळ इंग्लिश किंवा फ्रेंच गाण्याचा तुकडा लिहिलाय, म्हणजे कोणत्या चालीवर ते कळावं. स्वर लिहिलेले नाहीत, कारण चाल सगळ्यांना ठाऊक होती. संग्रहाची सुरुवातच ख्रिस्तजन्माच्या गीताने होते. आणि इंग्लिश कवी चॉसरच्या चौदाव्या शतकातल्या कथेत एक रंगेल विद्यार्थी संध्याकाळी आपल्या खोलीत तंतुवाद्यावर ‘आंजेलुस आद विर्जिनेम’ गातो. देवदूताने मरियेला दिलेल्या वार्तेचं ते गीत. चर्चमधलं गाणं खोलीत आणि खोलीतलं चर्चमध्ये, अशी ये-जा चालूच होती.

उच्चारही ठरवावे लागतात. लॅटिन एक असली तरी पॅरिसचा माणूस ती फ्रेंच वळणाने बोले, लंडनचा इंग्लिश वळणाने. आज चर्चमध्ये ऐकू येणारी इटालियन ढंगाची लॅटिन पेरोतांच्या कानांना अनोळखी वाटली असती. जुन्या इंग्लिशचे दीर्घ स्वरही आजच्यासारखे नव्हते. ‘नाइट’ या शब्दातली gh ही अक्षरं आज मुकी आहेत, ती तेव्हा बोलली जात. उच्चार बदलला की स्वराचा रंग बदलतो, रंग बदलला की सूर वेगळा लागतो. त्यामुळे हा भाषेचा हट्ट नाही, तो गाण्याचाच भाग आहे.

वाद्यांवर तर चांगला वाद झाला. १९७० च्या दशकापर्यंत अशा मैफलींत पुंग्या, शहनाईसारखी वाद्यं, घंटा, ढोल यांचा मोठा ताफा असे, आणि त्यात रंगतही होती. मग ख्रिस्तोफर पेज यांनी १९८० मध्ये काढलेल्या गॉथिक व्हॉइसेस या गायनसमूहाने कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिलं की मध्ययुगातल्या अनेक बहुस्वरी रचना, अगदी दरबारी प्रेमगीतंसुद्धा, नुसत्या आवाजांनी गायल्या जात. नुसत्या गळ्यांवर मैफल उभी करण्याचं धैर्य नंतरच्या समूहांना त्यातून मिळालं. अ‍ॅनॉनिमस फोरही त्याच लाटेतला.

१९९४ मध्ये स्पेनमधल्या सिलोस मठातल्या भिक्षूंच्या गायनाची तबकडी जगभर लाखांनी खपली आणि तेव्हापासून हे संगीत मनःशांतीचं औषध म्हणून विकलं जातं. मला हे मान्य नाही. डोळे मिटून पार्श्वभूमीला लावून ठेवण्याचं हे संगीत नाही. त्यात गणित आहे, खेळ आहे, चढाओढ आहे, आणि गाणाऱ्याचा दमसास पणाला लागतो. ‘विदेरुंत’मध्ये खालचा स्वर एकटीला धरायचा असेल तर श्वास कुठे चोरायचा हे वरच्या तिघींच्या हालचालीवर ठरतं. त्या जिथे जोरात असतात तिथेच तिला हळूच श्वास घेता येतो. संचालक नसल्यामुळे हे सगळं एकमेकींच्या श्वासावरून, खांद्यांवरून, नजरेवरून चालतं. प्रत्यक्ष मैफलीत किंवा चित्रफितीत ते बघायला जरूर मिळतं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी ‘पुएर नातुस एस्त नोबिस’ ऐका; दोन-तीन मिनिटांचं आहे आणि पहिल्या झेपेतच सा-प सापडेल. मग ‘विदेरुंत ओम्नेस’ची पहिली तीन मिनिटं, कान फक्त खालच्या स्वरावर ठेवून. दुसऱ्यांदा ऐकताना खालचा स्वर विसरून वरच्या तिघांपैकी कुणी कुणाचा तुकडा उचलला तो धरायचा प्रयत्न करा. त्यानंतर ‘देअर इज नो रोझ’ दोन वेगळ्या समूहांचं लागोपाठ लावा, शक्यतो एक बायकांचं आणि एक पुरुषांचं. पट्टी वेगळी असेल, चाल वेगळ्या वेगाने जाईल, इंग्लिश शब्दांचे स्वर निराळे असतील, आणि एखाद्या ठिकाणी एका समूहाने कोमल घेतलेला स्वर दुसऱ्याने शुद्ध घेतला असेल, कारण तोही जुन्या लेखनात दर वेळी लिहिलेला नसतो.